हुक हवा, पण झटका नको: बॉल कसा निवडायचा आणि कसा ड्रिल करायचा

टेनपिन बोलिंगमध्ये हुक म्हणजे बॉलचं पिनांकडे जाताना वळणं, आणि त्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. खेळाडू उजव्या हाताचा, अंगठा घालून खेळणारा, रेव्ह (बॉलचे फेरे) मिनिटाला तीनशेच्या आसपास, वेग मध्यम. हातात चकचकीत पर्ल रिअ‍ॅक्टिव्ह बॉल, कोअर (आतला वजनदार गाभा) असिमेट्रिक, पिन (कोअरचं डोकं दाखवणारा बॉलवरचा ठिपका) बोटांच्या होलांच्या वर. नेम दोन बोर्ड (लेनच्या अरुंद उभ्या पट्ट्या) बाहेर गेला की बॉल शेवटी उसळतो आणि हेड पिनच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या पिनच्या, नाकावर बसतो, कधी पार डावीकडे निघून जातो. नेम दोन बोर्ड आत राहिला की तोच बॉल सरळ चालत राहतो आणि पॉकेट (हेड पिन आणि तिच्या उजवीकडची पिन यांच्यामधली फट) गाठतच नाही. विचारलंय, रिअ‍ॅक्शन सलग आणि ताब्यात राहावी म्हणून कोणता बॉल घेऊ आणि तो कसा ड्रिल करून घेऊ?

ड्रिलिंगचं काम करणाऱ्या माणसाने सांगावं असं हे वाक्य नाही, तरी सांगतो: यातला ड्रिलिंगचा भाग सगळ्यात शेवटी येतो. आधी सरफेस (बॉल किती खरखरीत ते), मग कव्हर (बाहेरचं कवच; पर्ल, सॉलिड, युरेथेन हे त्याचे प्रकार), मग कोअर, मग लेआउट (कोअरच्या मानाने होल कुठे पाडायचे त्याची आखणी). दुकानात येणारे बहुतेक जण नेमके उलट्या टोकाने सुरू होतात. लेआउटचे आकडे पाठ असतात, पण बॉलवर शेवटचा घासायचा पॅड कधी फिरवला ते आठवत नाही. यूएसबीसीने (अमेरिकेतली बोलिंगची नियामक संस्था) बॉलच्या हालचालीचा जो मोठा अभ्यास केला त्यातही सरफेसचा खरखरीतपणा आणि कव्हरची ऑइल शोषण्याची क्षमता हेच घटक सगळ्यात प्रभावी ठरले. कोअरचे आकडे त्यांच्या मागे होते.

आता तुमचा बॉल उसळतो का, ते पाहू. लेन फाउल लाइनपासून हेड पिनपर्यंत ६० फूट, रुंदी साडेएकेचाळीस इंच, त्यात ३९ बोर्ड. ऑइल साधारण पहिल्या चाळीस फुटांवर असतं आणि पुढचा भाग कोरडा. रोजच्या हाउस पॅटर्नमध्ये (पॅटर्न म्हणजे लेनवर ऑइल पसरायची ठेवण) मधल्या बोर्डांवर ऑइल भरपूर आणि कडेच्या बोर्डांवर अगदी कमी असतं. स्पर्धांच्या अवघड स्पोर्ट पॅटर्नमध्ये मधल्या आणि कडेच्या ऑइलचं प्रमाण ३:१ च्या आत ठेवावं लागतं. हाउस पॅटर्नवर ते ८:१, १०:१ असं सहज सापडतं. म्हणजे तुमच्या नेमाच्या डावीकडे घसरण आणि उजवीकडे घर्षण, अशी भिंतच उभी असते. या भिंतीचा फायदा मिळायला हवा, आणि मिळतोही, पण बॉलने दोन्ही बाजूंना बेताने वागलं तरच.

चकचकीत बॉल तसं वागत नाही. गुळगुळीत झालेलं टायर ओल्या रस्त्यावर घसरतं आणि कोरड्यावर गच्च पकडतं, तसाच हा प्रकार. ऑइलमध्ये तो जवळजवळ काहीच पकडत नाही, त्यामुळे फिरकी जशीच्या तशी साठून राहते, आणि कोरडा भाग आला की ती सगळी एकदम खर्च होते. खरखरीत बॉलच्या सरफेसवरचे सूक्ष्म उंचवटे ऑइलच्या थरातून लेनपर्यंत पोचतात. तो आधीपासून थोडं थोडं पकडतो, थोडी फिरकी वाटेतच खर्चतो, आणि कोरड्यावर येईपर्यंत झटका द्यायला त्याच्याकडे फारसं उरत नाही. ‘हा बॉल फार वळतो, जरा पॉलिश मारून द्या’ ही मागणी मी आठवड्यातून कितीतरी वेळा ऐकतो. पॉलिशने बॉल उशिरा वळेल हे खरं, पण वळेल तेव्हा जास्त टोकदार वळेल. ज्याला ताबा हवा आहे त्याने पॅडच्या दिशेने जायचं.

म्हणून नवीन बॉल घ्यायच्या आधी आहे त्याच बॉलवर एक प्रयोग करा. स्पिनरवर (बॉल फिरवणारं यंत्र) बॉल ठेवून पाणी मारत २००० चा पॅड फिरवून घ्या; पॅडचा आकडा जितका मोठा तितका सरफेस गुळगुळीत. चारही बाजूंनी, प्रत्येक बाजूला सारखा वेळ आणि सारखाच दाब. घाईत दोनच बाजू केल्या तर ट्रॅक (बॉलचा लेनला टेकणारा पट्टा) जिथून जातो तिथे एक सरफेस आणि शेजारी दुसरा, असा बॉल तयार होतो आणि मग रिअ‍ॅक्शन प्रत्येक वेळी वेगळी का येते हे कुणालाच सांगता येत नाही. पॅड फिरवल्यावर नखाची कड बॉलवरून हलकेच ओढा; सगळीकडे सारखी खरखर जाणवली पाहिजे. मग तीन गेम खेळा. माझा अंदाज आहे की निम्मी तक्रार इथेच मिटेल. बॉल लेन थोडी आधी पकडायला लागेल, तुम्हाला पाय दोन-तीन बोर्ड डावीकडे घ्यावे लागतील, आणि आत राहिलेला नेमसुद्धा पॉकेटच्या उजव्या कडेपर्यंत तरी येईल.

एक लक्षात ठेवा, हा सरफेस टिकत नाही. लेनवर घासून घासून बॉल आपोआप गुळगुळीत होत जातो. ५०० किंवा १००० वर केलेला बॉल काही गेममध्येच बराच गुळगुळीत होतो. ‘ड्रिल केला तेव्हा मस्त चालत होता, आता उड्या मारतो’ असं म्हणणाऱ्याचा बॉल बहुतेक वेळा बिघडलेला नसतो, फक्त चकाकलेला असतो. आणि हे काम स्पर्धा सुरू व्हायच्या आधी करायचं. यूएसबीसीच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळ सुरू झाल्यावर सरफेस बदलता येत नाही, द्रव क्लीनरही वापरता येत नाही. कोरडा टॉवेल तेवढा चालतो.

इतकं करूनही नवीन बॉल घ्यायचाच असेल, तर कव्हर सॉलिड रिअ‍ॅक्टिव्ह घ्या, २००० ते ३००० च्या सरफेसवर. पर्ल नको, निदान हा बॉल तरी नको. हायब्रिड हा मधला मार्ग आहे आणि तुमच्या लेनवर ऑइल कमी असेल तर तो चालेल, पण मॅट ठेवा.

युरेथेनचं विचारणारे हमखास भेटतात, कारण सलग रिअ‍ॅक्शन म्हटलं की तेच नाव पुढे येतं. युरेथेन खरोखरच सलग चालतो: लवकर पकडतो, लांब कमानीत वळतो, कोरड्यावर उसळत नाही. अडचण दोन ठिकाणी येते. तो ऑइल फारसं शोषत नाही, ते पुढे ढकलत नेतो. त्यामुळे काही गेमनंतर लेनच्या शेवटच्या भागात जिथे कोरडं हवं तिथे पातळ थर तयार होतो आणि बॉल पॉकेटच्या अलीकडेच थांबल्यासारखा वाटतो. दुसरी अडचण पॉकेटमध्ये शिरण्याच्या कोनाची. पिनांचा सगळ्यात चांगला निकाल ६ अंशांच्या आसपास लागतो, बॉलचा मध्य साडेसतराव्या बोर्डावर असताना. गटरच्या कडेवरून अगदी सरळ टाकलेला बॉल दीड अंशही गाठत नाही, म्हणून तर हुकचा सगळा खटाटोप. तीनशे रेव्हच्या खेळाडूला युरेथेनमधून पुरेसा कोन मिळवणं जड जातं. आखूड पॅटर्नवर किंवा जास्त रेव्हच्या हाताला तो उत्तम हत्यार आहे. तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर म्हणून मी तो देणार नाही.

कोअरबद्दल. दोनच आकडे बघायचे, आरजी आणि डिफरन्शियल. आरजी म्हणजे वस्तुमान मध्यापासून किती लांब पसरलंय त्याचं माप. नियमाने ते २.४६ ते २.८० इंचांच्या मध्ये असावं लागतं. कमी आरजीचा बॉल लवकर रोल व्हायला लागतो, जास्त आरजीचा उशिरा. डिफरन्शियलवर फ्लेअर ठरतो, म्हणजे लेनवर जाताना बॉलचा ट्रॅक किती सरकतो ते. त्याची कमाल मर्यादा ०.०६० आहे. तुम्हाला सिमेट्रिक कोअर, आरजी २.५० ते २.५५ आणि डिफरन्शियल ०.०३० ते ०.०४५ यांत बसणारा बॉल शोधायला मी सांगेन. ०.०५० च्या पुढच्या डिफरन्शियलचा फ्लेअर प्रत्येक फेऱ्याला कोरडं कव्हर लेनसमोर आणतो. जड ऑइलवर ते वरदान, हाउस पॅटर्नच्या कडेवर तीच डोकेदुखी. अगदी कमी डिफरन्शियलही नको, कारण मग ट्रॅक त्याच त्या ऑइलवरून फिरतो आणि बॉल ढिम्म होतो.

असिमेट्रिक कोअर वाईट नसतो. पण तो हुकमधून रोलमध्ये झटकन जातो, आणि तुमची तक्रार नेमकी त्या झटक्याचीच आहे.

जाहिरातीत छापलेले आकडे बहुधा १५ पौंडांच्या बॉलचे असतात. तुम्ही १४ चा वापरत असाल तर १४ चे आकडे वेगळे बघा. १२-१३ पौंडांत तर बऱ्याच मॉडेलांना मूळ कोअरच नसतो, साधा सर्वसामान्य कोअर भरलेला असतो. नाव तेच, बॉल वेगळा.

आता लेआउट. यासाठी तुमचा पीएपी माहीत हवा, म्हणजे हातातून सुटताना बॉल ज्या अक्षाभोवती फिरतो त्याचं बाहेरचं टोक. तो मोजल्याशिवाय कुणी तुमच्या बॉलवर पेन्सिल टेकवत असेल तर बॉल उचला आणि घरी जा. मोजणं अवघड नाही. ताज्या ऑइलवर बॉल टाकला की त्यावर ऑइलच्या रिंगा उमटतात, एका जागी जवळ येऊन पुन्हा फाकणाऱ्या. त्यातली पहिली, सुटतानाची रिंग मेणपेन्सिलने काढायची, तिच्यापासून सगळीकडून सारख्या अंतरावरचा बिंदू शोधायचा, आणि ग्रिपच्या मध्यापासून तो किती आडवा आणि किती वर-खाली आहे ते टेपने मोजायचं. तिथे पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवून पुन्हा टाका. बॉल सुटल्या क्षणी तुकडा जागच्या जागी फिरताना दिसला तर माप बरोबर. डगमगताना दिसला तर परत मोजा. सिलेक्शनच्या सगळ्या गप्पांपेक्षा हा पांढरा तुकडा जास्त खरं बोलतो.

समजा तुमचा पीएपी ५ इंच आडवा आणि अर्धा इंच वर आला. उजव्या हाताच्या खेळाडूंमध्ये हे अगदी सर्रास सापडणारं माप आहे. मो पिनेल यांच्या ड्युअल अँगल पद्धतीत तीन आकडे असतात: ड्रिलिंग अँगल (पिनपाशी पीएपी आणि मास बायस यांच्या दिशांमधला कोन), पिन ते पीएपी अंतर, आणि व्हीएएल अँगल (पीएपीतून जाणारी उभी रेषा आणि पिनची दिशा यांच्यामधला कोन). पिन म्हणजे इथे बॉलवरचा रंगीत ठिपका, कोअरचं डोकं कुठे आहे ते दाखवणारा. मधला आकडा फ्लेअर ठरवतो. पिन पीएपीपासून ३ पूर्णांक ३/८ इंचांवर असली तर फ्लेअर सर्वाधिक. पीएपीवरच किंवा पावणेसात इंचांवर असली तर जवळपास नाहीच. शेवटचा आकडा ठरवतो की हुकमधून रोलमध्ये जायला बॉल किती वेळ घेईल. लहान कोन म्हणजे झटपट, मोठा म्हणजे सावकाश. तुमच्या कामाचा आकडा हाच.

मी तुम्हाला पिन ते पीएपी साडेचार इंच आणि व्हीएएल ६५ ते ७० अंश देईन. वरच्या पीएपीवर हे मांडून बघा. साडेचार इंच आणि ६५ अंश घेतले तर पिन मिडलाइनपासून (ग्रिपच्या मध्यातून जाणारी आडवी रेषा) साधारण १.९ इंच वर आणि ग्रिपच्या मध्यरेषेच्या साधारण अर्धा इंच उजवीकडे येते, म्हणजे अनामिकेच्या होलला चिकटून. त्याच अंतरावर कोन ३५ केला तर पिन पावणेचार इंचांच्या आसपास जाते, बोटांच्या डोक्यावर, तुमच्या आताच्या बॉलसारखी. आणि ८० केला तर ती जेमतेम एक इंचावर, अनामिकेच्या खाली. ‘पिन अप’ आणि ‘पिन डाउन’ म्हणतात त्यामागचं गणित एवढंच. पिन वर म्हणजे बॉल ताकद राखून ठेवतो आणि उशिरा, टोकदार वळतो. पिन खाली म्हणजे लवकर, गोल आणि अंदाजात वळतो. पिन होलच्या अगदी काठावर येत असेल तर काठाचा तुकडा उडू नये म्हणून मी अंतर पाव इंच इकडे-तिकडे करतो. बॉलच्या चालीत तेवढ्याने फरक जाणवत नाही.

८० अंशांपर्यंत मी सहसा जात नाही. सलग रिअ‍ॅक्शनच्या हौसेपोटी मॅट सॉलिड कव्हर, कमी आरजी आणि पिन डाउन असं तिन्ही एकत्र केलं की बॉल पिनांपाशी पोचेपर्यंत रिकामा झालेला असतो. दिसायला सुंदर कमान, आणि कोपऱ्यातली १० पिन शाबूत. इथे सहा नंबरच्या पिनकडे लक्ष द्या. सहा जोरात उडून दहाच्या मानेभोवतून फिरून गेली तर बॉलमध्ये दम आहे, जुळणीत थोडासा फरक आहे. सहा मलूल होऊन दहाच्या समोर गटरमध्ये आडवी पडली आणि दहा उभी राहिली, आणि हे वारंवार होऊ लागलं, तर बॉल वाटेतच थकतोय. मग सरफेस २००० वरून ४००० वर न्यायचा. लेआउटला हात लावायचा नाही.

ड्रिलिंग अँगलबद्दल भांडणारे पुष्कळ आहेत. असिमेट्रिक बॉलमध्ये तो महत्त्वाचा, कारण मास बायस (असिमेट्रिक कोअरच्या जड बाजूचा बिंदू) पीएपीच्या मानाने कुठे बसतो ते त्यावर ठरतं. लहान कोनाला बॉल लवकर रोलमध्ये येतो, मोठ्याला उशिरा. सिमेट्रिकमध्ये त्याचा प्रभाव बराच कमी. मी ५० ते ६० च्या दरम्यान ठेवतो आणि पुढे जातो. सीजी म्हणजे गुरुत्वमध्य अंगठ्याच्या बाजूला की तळव्याच्या बाजूला, यावर पूर्वी लोक तासन् तास बोलायचे. आजच्या कोअरच्या ताकदीपुढे तो नगण्य आहे, आणि स्टॅटिक वजनाची (बॉलच्या दोन बाजूंच्या वजनातल्या फरकाची) मर्यादा १० पौंडांच्या वरच्या बॉलला ३ औंसांपर्यंत वाढवल्यापासून तर नियमाच्या दृष्टीनेही फारशी चिंता उरलेली नाही.

जुन्या सल्ल्यांमध्ये तुम्हाला हमखास ‘बॅलन्स होल (बोट न घालायचा जादा होल) पाडून फ्लेअर कमी करा’ असं सापडेल. तो मार्ग १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीच्या खेळात बंद आहे. बॉलवर फक्त ग्रिपचे होल चालतात, आणि पाडलेला प्रत्येक होल प्रत्येक फेकीला वापरला गेला पाहिजे. अंगठ्याचा होल असलेला बॉल घेऊन अंगठा बाहेर ठेवून दोन हातांनी खेळणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यांचा तो होल बॅलन्स होल धरला जातो आणि बॉल बाद. एकूण परिणाम असा झाला की बॉल निवडतानाच जास्त विचार करावा लागतो, कारण नंतर सुधारायचं एक हत्यार गेलं.

आणि ग्रिप. प्रश्नात तिचा उल्लेखही नाही, पण दोन बोर्डांच्या चुका रिअ‍ॅक्शनमुळे मोठ्या दिसत असल्या तरी त्या सुरू हातात होतात. अंगठ्याचा होल सैल असला की हात नकळत आवळतो. आवळलेला अंगठा कधी लवकर सुटतो, कधी अडकतो. अडकला की हात वरून फिरतो, रोटेशन बदलतं, आणि एकाच नेमाचे दोन वेगळे बॉल लेनवर जातात. मग जगातला सगळ्यात शांत बॉलही शांत चालणार नाही. बोटं पहिल्या पेरापर्यंत, अंगठा पूर्ण आत. तळव्याची कातडी ताणलेली नको आणि खाली बोटभर पोकळीही नको. खेळ संपल्यावर अंगठ्याच्या बुडाशी लाल वळ असेल तर पिच (होलचा कल) किंवा बेव्हल (होलच्या कडेची गोलाई) तपासायला सांगा. बोटांच्या टोकांना, आतल्या बाजूला घट्टे असतील तर तुम्ही आवळताय, मग मान्य करा वा नका करू. अंगठा संध्याकाळभर सुजतो आणि आक्रसतो, त्यामुळे होल किंचित मोठा ठेवून आत टेपचे थर द्यायचे आणि गरजेप्रमाणे काढायचे-घालायचे. अंगठ्यासाठी स्लग (होलमध्ये बसवायचा, बदलता येणारा तुकडा) बसवून घ्या. पुढे माप बदललं तर स्लग बदलता येतो, अख्खा बॉल भरावा लागत नाही.

भरण्याचा विषय निघालाच आहे, तर तुमचा सध्याचा बॉल टाकून देऊ नका. २००० च्या पॅडनंतरही तो उसळत असेल तर होल भरून पिन अनामिकेच्या शेजारी घेता येते. पण असिमेट्रिक पर्ल शेवटी असिमेट्रिक पर्लच राहणार. पुन्हा ड्रिल करून तो सभ्य होईल, सॉलिड सिमेट्रिकइतका सलग होणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर त्याचे होल आहेत तसेच ठेवून, तो पॉलिशने पुन्हा चकचकीत करून ठेवला असता. रात्री उशिरा लेन वाळायला लागल्या आणि नवा मॅट बॉल फार लवकर पकडायला लागला की पाय डावीकडे सरकवून मधल्या ऑइलमधून हाच पर्ल बाहेर खेळायचा. तिथे त्याची उसळी उपयोगी पडते.

प्रत्येक सेशननंतर बॉल लगेच पुसून बॉल क्लीनरने साफ करा, ऑइल आत मुरायच्या आधी. रिअ‍ॅक्टिव्ह कव्हर ऑइल पीत राहतं आणि काही महिन्यांनी सरफेस बरोबर असूनही बॉल मेल्यासारखा चालतो. मग ते ऑइल उष्णतेने बाहेर काढून घ्यावं लागतं, आणि काढल्यावर सरफेस पुन्हा नव्याने द्यावा लागतो. ड्रिल करून घेताना कव्हरवर कोणता पॅड शेवटचा होता हे विचारून लिहून ठेवा, शेजारी पीएपीचं माप आणि लेआउटचे तीन आकडे. पुढच्या वेळी ‘तसाच, पण जरा आधी वळणारा’ असं सांगायला आलात तर ड्रिल करणाऱ्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही.